निवडणूक आणि आपली मंडळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी दोन महिने दर रविवारी हेच व्हायचं. उपासना संपायची, पाळकसाहेब दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवायचे, आणि पायऱ्या उतरेपर्यंत चार जण मला गाठायचे. कुणाचं नाव यादीत नाही, कुणाच्या घरी पाकीट आलंय, कुणाचं पक्षावरून सख्ख्या भावाशी बोलणं तुटलंय. मी मंडळीची सचिव. शिवाय प्राथमिक शाळेत शिक्षिका, म्हणजे इलेक्शन ड्युटी ठरलेलीच. त्यामुळे मला दोन्हीकडचं ठाऊक असणार, असं लोक धरून चालतात. ते सगळे प्रश्न मी वहीत उतरवत गेले आणि पाळकसाहेब व कमिटी यांच्याबरोबर बसून उत्तरं तयार केली. आमची मंडळी बेळगावातली, प्रोटेस्टंट, मराठीत उपासना करणारी. खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या मंडळ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

विश्वासणाऱ्याने राजकारणात पडावं का? मत द्यायलाच हवं का?

हा प्रश्न जुन्या पिढीकडून जास्त येतो. "आपलं राज्य या जगाचं नाही," असं म्हणून काही आजी-आजोबा मतदानाच्या दिवशी घरीच बसायचे. त्यांची श्रद्धा खोटी नाही. पण यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या लोकांना जे पत्र पाठवलं ते त्यांच्यासमोर ठेवावंसं वाटतं. तुम्ही स्वतः निवडलेलं नाही असं ते नगर, तरी तिथे घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि त्या नगराच्या कल्याणासाठी झटा, कारण त्याच्या शांतीत तुमची शांती आहे, असा त्या पत्राचा आशय. बेळगाव आमच्यासाठी बाबेल नाही, ते आमचं घर आहे. मग परक्या नगरासाठी जे सांगितलं ते स्वतःच्या गावासाठी किती जास्त लागू व्हावं! गटार तुंबलं, रेशन आलं नाही, शाळेत मास्तर नाही, याचा त्रास आपल्या शेजाऱ्याला होतोच की. शेजाऱ्यावर प्रीती करा म्हटल्यावर त्यात हेही आलं.

मत न देणं हे पाप, असं मात्र आम्ही सांगत नाही. कुणाच्या मनावर तसलं ओझं टाकायचा आम्हाला अधिकार नाही.

पाळकसाहेब कुणाला मत द्यायचं ते सांगतील का?

नाही. पुलपिटावरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) नाही, घरभेटीत नाही, फोनवरही नाही.

आधी कायद्याचं सांगते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३. धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे आणि त्यावरून निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने चार विरुद्ध तीन असा निकाल दिला. धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, त्याच्या नावाने मत मागता येणार नाही, असं त्यात ठरलं. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आमच्या काळजाला भिडली. अमुक केलं नाहीस तर देवाचा कोप होईल, असं मतदाराच्या मनात भरवणं हादेखील उमेदवाराच्या बाजूने केलेला गैरवाजवी दबाव मानला जातो. कायदा लिहिणाऱ्यांना धर्मोपदेशकाच्या शब्दाचं वजन ठाऊक होतं. आपल्यालाही ते असायला हवं.

कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. पाळकसाहेब आजाऱ्याच्या उशाशी बसतात, मयताला उभे राहतात, मोडायला आलेला संसार सावरतात. ज्या घराने दुसऱ्या पक्षाला मत दिलं त्या घराला "आपला पाळक आपल्या विरोधातला" असं एकदा वाटलं, की ते घर रात्री दोन वाजता त्यांना फोन करणार नाही. एवढी किंमत देण्याजोगा उमेदवार अजून जन्माला यायचाय.

मग चर्चमध्ये निवडणुकीसाठी प्रार्थना तरी का करायची?

कारण पौलाने तीमथ्याला तसं सांगितलंय : राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करा. ज्या काळात त्याने हे लिहिलं तेव्हाचे राजे ख्रिस्ती लोकांचे मित्र नव्हते, हे लक्षात घ्या. २०२४ मध्ये कॅथोलिक बिशप परिषदेने २२ मार्च हा दिवस देशासाठी प्रार्थना आणि उपवासाचा म्हणून पाळायला सांगितला होता. शेजारच्या कॅथोलिक घरांनी तो पाळला. आमच्याकडच्या बायकांनाही ते पटलं आणि त्या शुक्रवारच्या महिला सभेत आम्हीही गुडघे टेकले.

आमची प्रार्थना अशी असते. कुणाला हवी तर घ्या :

"हे प्रभू, मत मागणाऱ्यांना खरं बोलायची बुद्धी दे. मत देणाऱ्यांना भीती आणि लोभ यांपासून राख. मशीन घेऊन गावोगाव जाणाऱ्या शिक्षकांना, शिपायांना, पोलिसांना सुखरूप घरी आण. जे निवडून येतील त्यांना गरिबाची आठवण दे. आमच्या गल्लीत, आमच्या घरात, आमच्या जिभेवर शांती ठेव. आमेन."

एकाच मंडळीत इतके वेगवेगळे उमेदवार कसे काय?

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे नवल वाटतं. शहरातली माणसं बेळगाव मतदारसंघात. निपाणी, हुक्केरी, रायबागकडून आलेली चिकोडीत. खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये जातात. म्हणजे खानापूरहून पाऊण तासात आमच्या उपासनेला येणारं कुटुंब कारवार-शिरसीच्या माणसांबरोबर खासदार निवडतं. आणि शिनोळीकडून येणाऱ्यांचं चंदगड हे महाराष्ट्रात, कोल्हापूर मतदारसंघात. एका बाकावर चार मतदारसंघ आणि दोन राज्यं! म्हणून प्रार्थनेत आम्ही कुठल्याच मतदारसंघाचं नाव एकटं घेत नाही, चारही घेतो.

उमेदवार रविवारी उपासनेला आले तर काय करायचं?

देवाच्या घराचं दार कुणालाही बंद नाही. यावं, चप्पल काढून मागच्या किंवा पुढच्या, रिकाम्या असेल त्या बाकावर बसावं, गीतपुस्तक मागावं. शाल-श्रीफळ नाही, हार नाही, सूचनांच्या वेळी "आज आपल्यामध्ये उपस्थित" असा उल्लेख नाही, माईक तर नाहीच. गळ्यातलं पक्षाचं उपरणं बाहेर गाडीत ठेवायची आम्ही नम्रपणे विनंती करतो. आचारसंहितेत मंदिर, मशीद, चर्च यांचा प्रचारासाठी वापर करू नये असं स्पष्ट आहे. शिवाय १९८८ चा धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा आहे. धर्मस्थळाचा आवार राजकीय कामाला दिला तर व्यवस्थापकांना पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आवार म्हणजे अंगणही आलं. त्यामुळे "आत नको, बाहेर झाडाखाली दोन मिनिटं बोलू द्या" यालाही नाही.

आमच्या सभासदांपैकी कुणी पक्षाचं काम करत असेल तर तो त्याचा हक्क आहे. फक्त आचारसंहिता लागली की निकालापर्यंत त्यांनी पाठ वाचणं, दान गोळा करणं अशी पुढे उभं राहायची कामं दुसऱ्याकडे सोपवावीत, असं कमिटीत ठरलंय. दोघांनी हे आपणहून केलं, त्यांचे आभार.

एका नेत्याकडून चर्चला देणगी येतेय. इमारतीचं काम अडलंय. घ्यावी का?

हा प्रश्न कमिटीत दोन तास चालला. सविस्तर सांगते.

आमच्या पॅरिश हॉलच्या खुर्च्या जुन्या आहेत. प्लास्टिकच्या. काहींचे पाय तारेने बांधलेत, काहींची पाठ तडकलीय, आणि लग्नाला जाड माणूस बसला की आमचा जीव वरखाली होतो. मार्च महिन्यात एक गृहस्थ आले. शंभर खुर्च्या आणि साउंड सिस्टीम, उद्या टेम्पो पाठवतो म्हणाले. कशाच्या बदल्यात, ते बोलले नाहीत. फक्त जाताना विचारलं, "तुमची मतं किती होतील, सगळी मिळून?"

कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणाले, देव कुणाच्याही हातून देतो, कावळ्याकडूनही एलीयाला भाकर मिळाली. तरुणांपैकी एकाने विचारलं, कावळ्याने एलीयाची मतं मोजली होती का? मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी ठराव झाला : निवडणुकीची चाहूल लागल्यापासून निकालापर्यंत कुठल्याही पक्षाकडून, उमेदवाराकडून किंवा त्यांच्या माणसांकडून वस्तू, रोख, सिमेंट, काही घ्यायचं नाही. एरवी सरकारी योजनेतून अल्पसंख्याक संस्थेला मिळणारा निधी वेगळा. तो हक्काचा आहे, अर्ज करून घ्यावा, त्यात मिंधेपणा नाही.

खुर्च्या अजून त्याच आहेत. तारा मात्र तरुण संघाने बदलल्या.

घरी पाकीट, कुकर, साडी आली तर? "घ्यायचं आणि मत हवं त्यालाच द्यायचं" हे चालेल ना?

हे वाक्य इतकं ऐकू येतं की ते पवित्र शास्त्रात असावं असं वाटायला लागलंय. मतासाठी देणं जसा गुन्हा तसं घेणंही गुन्हाच, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पण ज्यांच्या घरी चूल पेटायची मारामार आहे त्यांना कलमं सांगून उपयोग नाही, हे आम्हाला कळतं. म्हणून महिला मंडळाने ठरवलं की निवडणुकीच्या महिन्यात गरजू घरांना धान्याची पिशवी द्यायची, गाजावाजा न करता. "घेऊ नका" म्हणायचं असेल तर आधी त्या घराच्या डब्यात तांदूळ आहे का ते बघावं लागतं.

माझं नाव कार्डावर एक, यादीत एक, आधारवर तिसरंच. मत देता येईल का?

ख्रिस्ती घरांमध्ये हा घोळ इतरांपेक्षा जास्त, त्याला कारणं आहेत. आपली नावं बायबलमधली. आजोबांनी ठेवलं शमुवेल, शाळेत मास्तरांनी लिहिलं सॅम्युएल. तेच कन्नडात गेलं आणि कन्नडातून कुणीतरी परत मराठीत आणलं तेव्हा झालं स्यामुयेल. तिन्ही एकाच माणसाची नावं! एस्तेरची इस्टर होते, दावीदचा डेव्हिड. त्यात घरचं नाव आणि बाप्तिस्म्याचं नाव वेगळं असलं की संपलंच. आमच्या एक आजी सगळ्या गल्लीला सुमनमावशी म्हणून ठाऊक, यादीत शोधायचं तर मार्था म्हणून. मी मोबाईल घेऊन शेजारी बसले, त्या चष्मा सावरत म्हणाल्या, "माझं नाव कुठं हाय बघ की गे, नसलं तर मी मेले म्हणून लिवलंय काय बघ." नाव होतं. पण वडिलांच्या जागी नवरा आणि वय नऊ वर्षांनी कमी.

तर उत्तर असं. यादीत नाव असणं महत्त्वाचं. ओळख पटत असेल तर स्पेलिंगच्या किरकोळ चुकीसाठी केंद्रावर अडवत नाहीत. पण आयत्या वेळी वाद नको, म्हणून फॉर्म ८ भरून दुरुस्ती आधीच करून घ्या. नवीन नावासाठी फॉर्म ६. अठरा वर्षं पूर्ण होण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नाव उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत यादीत आलेलं असायला हवं, म्हणून अर्ज त्याच्या किमान दहा दिवस आधी द्या. चौकशीसाठी १९५० या हेल्पलाईन नंबरवर फोन करा. चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरचा उतारा हवा असेल तर मला भेटा. जुनी रजिस्टरं उघडायला मला स्वतःलाच आवडतं.

मी गडहिंग्लजची, लग्न होऊन बेळगावात आले. माहेरी मत द्यायला जाऊ का?

आमच्या निम्म्या सुना कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या आहेत आणि आमच्या मुली तिकडे गेलेल्या. सीमा नकाशावर आहे, सोयरिकीत नाही. पण मतदार म्हणून माणूस एकाच ठिकाणी राहू शकतो. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा आहे. फॉर्म ८ मध्ये पत्ता बदलून नाव इकडे आणा, राज्य बदललं तरी चालतं. २०२४ मध्ये बेळगाव, चिकोडी, उत्तर कन्नड, तसंच पलीकडचे कोल्हापूर, हातकणंगले, सांगली, सगळ्यांचं मतदान एकाच दिवशी, ७ मे ला होतं. त्यामुळे दोन्हीकडे जायचा मोह तसाही कुणाला झाला नसता. एक सूनबाई मात्र हिरमुसली. मत द्यायच्या निमित्ताने आईला भेटता येईल, असं तिला वाटत होतं. तिच्या सासूने तिला पुढच्याच रविवारी माहेरी पाठवली, हे मला फार आवडलं.

बदली होऊन आलेल्या पाळकांनाही हेच लागू.

मुलगी मिरजेला नर्स आहे, मुलगा गोव्यात. त्यांना सुट्टी मिळेल का?

कायद्याने मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १३५ब), नोकरी दुसऱ्या मतदारसंघात असली तरी. अपवाद फक्त ज्यांच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामांचा, आणि अतिदक्षता विभागातली नर्स त्यात येऊ शकते. तिने पेशंट सोडून यावं असं आम्ही सांगणार नाही. जिथे कायमचं राहणं आहे तिथेच नाव नोंदवणं हा तिच्यासाठी सरळ मार्ग.

घरातले म्हातारे चालू शकत नाहीत.

८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. २०२४ च्या आधी ही वयाची अट ८० होती. फॉर्म १२ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. बीएलओ (आपल्या केंद्राच्या मतदारयादीचं काम बघणारे कर्मचारी) घरी फॉर्म घेऊन येतात, त्यांना परत पाठवू नका. एकदा घरून मत द्यायचं ठरलं की मग केंद्रावर देता येत नाही. पथक येईल तेव्हा त्या खोलीत नातवंडांनी गर्दी करू नये. आजीचं मतही गुप्तच असतं.

चर्चची गाडी मतदारांना न्यायला वापरायची का?

नाही. उमेदवाराच्या बाजूने मतदारांना फुकट नेणं-आणणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि आपल्या गाडीवर क्रूस रंगवलेला आहे. कोण कशासाठी बसलं ते बघणाऱ्याला काय कळणार? आपापल्या घरच्या गाडीने किंवा बसने जा.

शाळेत मतदान केंद्र लागलं तर सुट्टीतल्या बायबल शाळेचं काय?

मंदिर, चर्च अशा जागी मतदान केंद्र ठेवत नाहीत, पण मिशनच्या शाळा चालतात. आमच्या मुलांची बायबल शाळा मे महिन्यात त्याच वर्गांमध्ये भरते. २०२४ ला आम्ही ती एक आठवडा पुढे ढकलली. भिंतीवर मुलांनी रंगवलेला नोहाचा तारू होता, जिराफाची मान छतापर्यंत. खडूने काढलेला नव्हता म्हणून बरं, कागदावर होता. तो आम्ही आपणहून उतरवून गुंडाळून ठेवला, कुणी सांगायची वाट पाहिली नाही. ८ तारखेला मुलांनी पुन्हा लावला. जिराफ जरा वाकडा लागलाय.

मतदान नेमकं ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आलं तर?

येऊ शकतं. १८ एप्रिल २०१९ ला तमिळनाडूत आणि बेंगळुरूकडच्या जागांवर मतदान झालं, तो गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचा आज्ञा-गुरुवार होता. आपल्याकडे त्या वर्षी २३ तारीख, ईस्टरनंतरचा मंगळवार. मी पुनरुत्थानाच्या पहाटेची उपासना केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मस्टरिंगला, म्हणजे मशीन आणि साहित्य ताब्यात घ्यायला, हजर झाले. मशीनची पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसले तेव्हा आदल्या दिवशीची गाणी डोक्यात चालूच होती. ड्युटीवरच्या शिक्षकांनी टपाली मतासाठी किंवा ड्युटी सर्टिफिकेटसाठी (ते असलं की ड्युटीच्या केंद्रावरच मत देता येतं) अर्ज वेळेत करावा. दुसऱ्यांचं मतदान घेता घेता स्वतःचं राहून जातं.

उज्जीवन सभेला (श्रद्धा जागवणाऱ्या जाहीर सभेला), देणग्या नेताना काही अडचण?

मैदान आणि लाऊडस्पीकर यांची परवानगी आचारसंहितेच्या काळात वेळेआधी मागा. रात्री दहानंतर स्पीकर तसाही बंदच. रोख ५० हजारांपेक्षा जास्त असेल तर ती कुठून आली याचे कागद जवळ ठेवा. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या थांबवून तपासतात आणि "हे देवाचे पैसे आहेत" एवढं म्हणून चालत नाही. खजिनदारांनी दानाची नोंदवही आणि मंडळीचं पत्र बरोबर न्यावं.

ख्रिस्ती लोकांसाठी राखीव जागा का नाही?

लोकसभेत नाही. संविधान सभेत अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांची चर्चा झाली तेव्हा अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष एच. सी. मुखर्जी होते, स्वतः बंगाली ख्रिस्ती. १९४९ मध्ये या जागा सोडून देण्यात आल्या आणि त्याला त्यांचा पाठिंबा होता. बहुसंख्य शेजाऱ्यावर विश्वास टाकून त्यांनी ते पाऊल उचललं. मला त्याचा अभिमान वाटतो आणि त्या विश्वासाची आठवण शेजाऱ्यांनाही राहावी असं मनापासून वाटतं. अँग्लो-इंडियन समाजासाठीच्या दोन नियुक्त जागा होत्या, त्याही जानेवारी २०२० मध्ये संपल्या.

याला जोडून दुसरा प्रश्न येतो. कुडची, रायबाग या विधानसभेच्या जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथे मत सगळे देतात, पण दलित ख्रिस्ती माणूस उभा राहू शकत नाही, कारण १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती व मुस्लिम अजून बाहेर. आमच्या कितीतरी घरांचं हे जुनं दुखणं आहे. बाप्तिस्म्याने गल्ली बदलत नाही, विहिरीवरची वागणूक बदलत नाही. यावर उमेदवारांना प्रश्न विचारा. जरूर विचारा, नागरिक म्हणून, आपल्या दारात.

आपण मूठभर. आपल्या मताने काय होणार?

२०११ च्या जनगणनेत कर्नाटकात ख्रिस्ती १.८७ टक्के. खरंच मूठभर. पण २०१४ ला चिकोडीचा निकाल ३,००३ मतांनी लागला आणि २०२१ च्या पोटनिवडणुकीत बेळगावचा ५,२४०. तरीही "आपली गठ्ठा मतं" ही भाषा मंडळीत कुणी वापरू नये. आपण गठ्ठा नाही. एकेक जण आहोत, नावाने हाक मारलेले.

सीमाप्रश्नावर मंडळीची भूमिका काय?

मंडळी म्हणून ठराव नाही. १९५६ पासूनचा हा प्रश्न, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. १ नोव्हेंबरला आमच्यातले काही काळा दिवस पाळतात, तर काहींची मुलं शाळेतल्या राज्योत्सवात (कर्नाटक स्थापना दिनाच्या कार्यक्रमात) कन्नड गाणं म्हणतात, आणि कधीकधी हे दोन्ही एकाच घरात होतं. १९९६ ला निषेध म्हणून मराठी माणसांनी भराभर अर्ज भरले आणि बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार झाले. त्यांत आमच्या ओळखीचेही होते. त्या वेदनेला आम्ही लहान मानत नाही.

मराठीत उपासना, मराठीत संडे स्कूल हा मात्र आमचा प्राण आहे, आणि भाषा जपायचा हक्क संविधानाच्या कलम २९ ने दिलाय. तो आम्ही कुणाचा द्वेष न करता बजावतो. महिन्यातून एकदा कन्नड मंडळीबरोबर एकत्र उपासना होते. एक कडवं त्यांचं, एक आमचं, चाल तीच.

प्रार्थनासभांवर संशय घेतात, भीती वाटते. मग "आपल्या बाजूच्यांना" मत द्या असं उघड का सांगत नाही?

भीती खरी आहे. धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते इथेच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, २३ डिसेंबर २०२१ ला, नाताळच्या दोन दिवस आधी. त्या रात्री आमची कॅरलची फेरी निघाली होती. दरवर्षी ज्या घरी थांबतो अशा दोन घरी आम्ही बेल वाजवावी की नाही म्हणून फाटकाशी घुटमळलो. त्यातल्या एका घरच्या काकूच दार उघडून म्हणाल्या, "थांबलात का? या की, लाडू केलेत." त्या हिंदू आहेत. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो कायदा मागे घ्यायचा निर्णय केला.

हे मनात ठेवून मत द्यायचं की दुसरं काही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण भीती दाखवून मत गोळा करणं मंडळीचं काम नाही. भ्यालेल्याच्या घरी जाऊन बसणं हे तिचं काम.

नोटा?

नोटा म्हणजे मशीनवरचं "वरीलपैकी कुणीही नाही" हे बटण. तो २०१३ पासूनचा हक्क आहे. वापरणाऱ्याला नावं ठेवू नका.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण झालं. ग्रुप बंद का केला होता?

बंद नव्हता, काही दिवस फक्त अॅडमिनना लिहिता येत होतं. एप्रिलमध्ये एक फॉरवर्ड आला : अमक्या पक्षाला मत द्या, चर्चचा आदेश. असा कुठलाही आदेश नव्हता. एका तरुणाने रागाने उत्तर दिलं, एका काकांनी त्याच्या वडिलांचा उद्धार केला, आणि रात्री अकराला काका ग्रुप सोडून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळकसाहेब आणि मी त्यांच्याकडे गेलो. तासभर त्यांनी पेरूच्या झाडाबद्दल सांगितलं, चहा झाला, निवडणुकीचा शब्द नाही. आम्ही उठलो तेव्हा म्हणाले, "मी येतो चर्चला. पण मागं बसणार." पाच रविवार ते मागच्या बाकावर बसले.

ग्रुप आजारपण, वाढदिवस, मयत, उपासनेच्या वेळा यांच्यासाठी आहे. आदेश म्हणून काही आलं तर पुढे पाठवण्याआधी मला फोन करा.

मतदान आणि निकाल यांच्यामधल्या काळात मंडळी काय करते?

२०२४ ला तो जवळजवळ महिनाभराचा होता, ७ मे ते ४ जून. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा विधी) असतं. ५ मे ला झालं तेव्हा बोटं कोरी होती. पुढचं २ जूनला. मी भाकरीचं ताट धरून पाळकसाहेबांच्या मागे होते. कठड्याशी गुडघे टेकलेल्या ओळीने हात पुढे केले, तळव्यावर तळवा, आणि प्रत्येक डाव्या तर्जनीच्या नखावर ती काळी रेघ. कातडीवरची शाई उडाली होती. नख वाढलं तशी नखावरची जरा वर सरकली होती. कुणाची जांभळट, कुणाची तपकिरी. कोणत्या बोटाने कोणतं बटण दाबलं ते त्या रेघेवरून कळत नव्हतं. ओळीत काका होते, आणि त्यांच्यापासून दोन माणसं सोडून तो तरुण.

निकालाच्या दिवशी?

फटाके, पेढे चर्चच्या आवारात नकोत, एवढंच सांगितलं होतं. ४ जून मंगळवार होता. संध्याकाळी दार उघडं ठेवलं, ज्यांना शांत बसायचं ते येऊन बसले. ९ तारखेच्या रविवारी निवडून आलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना केली, चारही मतदारसंघांची. ती झाल्यावर संडे स्कूलच्या तिसरीतल्या एका मुलाने पाळकसाहेबांचा झगा ओढून विचारलं, "आणि जे हरले, त्यांच्यासाठी नाही करायची?" पाळकसाहेब परत पुलपिटाकडे वळले, सगळ्यांना पुन्हा डोळे मिटायला सांगितलं, आणि केली.